जुन्या यंत्राची कैफियत

एखाद्या तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दोन संगणक आहेत, अशी कल्पना करावी. एक खिडकीजवळचा, २००८ साली देणगीदाखल आलेला, ज्याच्या पेटीवर तीन ग्रंथपालांच्या कारकिर्दींची धूळ बसली आहे; दुसरा गेल्या वर्षी अनुदानातून घेतलेला. ग्रंथसूचीच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती दोहोंवर एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच पेनड्राइव्हवरून चढविली. नव्या यंत्रावर ती निमूटपणे उघडली. जुन्यावर मात्र क्लिक केले की क्षणभर कर्सरशेजारी चक्र फिरते आणि पुन्हा सारे सामसूम. खिडकी उघडत नाही आणि तक्रारीची ओळही उमटत नाही. अशा वेळी ग्रंथपाल जो प्रश्न विचारतात तोच या प्रकरणाचा विषय होय: ‘‘कालपर्यंत जुनी आवृत्ती याच यंत्रावर चालत होती, आणि आजची आवृत्ती शेजारच्या यंत्रावर चालते आहे, मग बिघडले आहे ते काय, यंत्र की प्रोग्राम?’’

दुरुस्तीवाल्याचे उत्तर ठरलेले असते. ‘‘साहेब, मशीन जुनं झालंय, बदलून टाका.’’ व्यवहारात हा सल्ला पुष्कळदा मानावाही लागतो. परंतु ‘रोगी वृद्ध आहे’ एवढे लिहून वैद्याने निदानाची वही मिटावी तसा तो प्रकार आहे. वय म्हणजे कारण नव्हे. त्या वयाच्या यंत्राजवळ नेमके काय नाही आणि नव्या प्रोग्रामने नेमके काय आहे असे गृहीत धरले, या दोन गोष्टी शेजारीशेजारी मांडून दाखविता आल्या तरच तपास पुरा झाला असे म्हणता येईल.

१. पडदा उघडण्यापूर्वी

‘प्रोग्राम सुरू होणे’ ही आपणांस एकच क्रिया वाटते. वस्तुतः ती क्रियांची एक मालिका असते. संगीत नाटकाचा प्रेक्षक पडदा वर जाताना पाहतो आणि आता नाटक सुरू झाले असे समजतो, परंतु तत्पूर्वी रंगपटात रंगभूषा उरकलेली असते, पेटी आणि तबला एका सुरात आणलेले असतात, आणि नांदीला उभे राहणारे आपापल्या जागी येऊन थांबलेले असतात. प्रोग्रामचेही तसेच आहे. प्रथम ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवरील फाइल उघडून ती आपल्या जातीची आहे की नाही हे पाहते. ६४ बिटांचा प्रोग्राम ३२ बिटांच्या सिस्टीमपुढे ठेवला असेल तर प्रकरण येथेच निकालात निघते. नंतर त्या प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेले आणि अनेक प्रोग्रामांनी सामायिक वापरावयाचे आज्ञासंग्रह, शोधून मेमरीत आणल्या जातात. त्यानंतर प्रत्येक लायब्ररीची आणि खुद्द प्रोग्रामची काही प्राथमिक सिद्धता होते: कोष्टके भरली जातात, घड्याळाचा अंदाज घेतला जातो, पुढे लागणाऱ्या वस्तू मांडून ठेवल्या जातात. इतके झाल्यावर मग प्रोग्रामरने ‘मुख्य’ म्हणून लिहिलेल्या भागातील पहिली ओळ अमलात येते. पडदा उघडतो तो येथे. या सिद्धतेचा टप्पा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील निम्म्या अपघातांचे स्थळ तेच आहे.

अडखळण कोणत्या टप्प्यावर झाली हे कळले तर अर्धा तपास झाला. या बाबतीत जुन्या लोकांची एक युक्ती मला फार आवडते. लिनक्स सुरू करून देणारा ‘लिलो’ नावाचा एक छोटा प्रोग्राम १९९०च्या दशकात सर्रास वापरला जात असे. तो पडद्यावर आपले नाव उमटवी, परंतु एकदम नव्हे. एकेक टप्पा पार पडला की एकेक रोमन अक्षर. चारही अक्षरे दिसली तर सर्व ठीक. दोनच अक्षरे उमटून यंत्र थांबले, तर पहिल्या भागाने दुसरा भाग डिस्कवरून आणला खरा, पण तो चालू झाला नाही, असा अर्थ निघे. तीन उमटली, तर दुसरा भाग चालू झाला पण त्याला पुढचा नकाशा वाचता आला नाही. अवघ्या चार अक्षरांत केवढा जबाब! आजचे कित्येक प्रोग्राम शंभर पटींनी मोठे असूनही मरताना एक अक्षरही मागे ठेवीत नाहीत.

२. प्रोसेसरची बोली

प्रोसेसर हा विलक्षण वेगाचा, परंतु ठरावीक शब्दसंग्रहाचा कारकून आहे. बेरीज करा, हा आकडा तेथे ठेवा, शून्य आले तर अमुक ओळीवर जा, असे शेकडो हुकूम त्याला समजतात आणि त्यांपलीकडचे काही समजत नाही. १९७८ साली इंटेलने काढलेल्या ८०८६ या प्रोसेसरपासून आजच्या वैयक्तिक संगणकांपर्यंत एक वंशवेल सलग चालत आली आहे, आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक पिढीने शब्दसंग्रहात भर घातली आहे. पेंटियम ४ बरोबर २००० साली एसएसई-२ नावाचा गट आला, एसएसई-४.२ हा २००८ साली. एव्हीएक्स २०११ साली. आणि एव्हीएक्स-२ हा २०१३ साली.

हे नवे हुकूम कशासाठी, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पतपेढीत आठ खातेदार आहेत आणि प्रत्येकाच्या शिलकेत त्याचे व्याज मिळवावयाचे आहे. मूळच्या पद्धतीने बेरजेचे आठ हुकूम सोडावे लागतील. एसएसईच्या खान्याची रुंदी १२८ बिट असते, म्हणजे ३२ बिटांचे चार आकडे तेथे शेजारीशेजारी बसतात आणि एकाच हुकमाने चारही बेरजा होतात. आठ खातेदारांना दोन हुकूम पुरतात. एव्हीएक्सचा खाना २५६ बिटांचा, म्हणून आठही बेरजा एका हुकमात. चित्रे, ध्वनी, गणिती प्रतिमाने यांच्या कामात अशा बेरजा कोट्यवधी असतात, तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना या हुकमांचा मोह पडतो यात नवल नाही.

आता येथे एक विषमता आहे, आणि ग्रंथपालांच्या प्रश्नाचा उलगडा तिच्यातच आहे. नव्या पिढीच्या प्रोसेसरने जुने शब्द बहुतांशी टाकून दिले नाहीत. म्हणून जुना प्रोग्राम नव्या यंत्रावर चालतो. जुन्या प्रोसेसरला मात्र आपल्या मागून जन्मलेला शब्द कळणे शक्यच नसते. मोडीच्या जमान्यातील कारकुनापुढे लघुलिपीतील कागद ठेवावा तशी त्याची अवस्था होते. ८०८६ पुढे असा अगम्य हुकूम आला तर तो त्याचा काहीतरी अर्थ लावून पुढे जाई. परंतु १९८२ च्या ८०२८६ पासून प्रोसेसर अशा वेळी हात थांबवितो आणि ‘हा हुकूम मला माहीत नाही’ असा अर्ज ऑपरेटिंग सिस्टीमकडे करतो. सिस्टीमजवळ त्यावर दुसरा इलाज नसतो. ती तो प्रोग्राम तत्काळ बरखास्त करते. वाचनालयातील यंत्रावर क्षणभर चक्र फिरून सामसूम होते तिचे हे सर्वसाधारण कारण. यंत्र बिघडलेले नसते. त्याने आपल्या अधिकारकक्षेत राहून नकार दिलेला असतो.

३. गृहीतक कोठून शिरते

प्रोग्रामर हे हुकूम स्वतः क्वचितच लिहितो. तो मनुष्याला वाचता येईल अशा भाषेत लिहितो आणि कंपायलर नावाचा प्रोग्राम त्याचे प्रोसेसरच्या बोलीत रूपांतर करतो. रूपांतर करताना ‘अमुक पिढीपासून पुढच्या यंत्रांसाठी’ अशी मर्यादा कंपायलरला सांगता येते. परंतु ‘हे ज्या यंत्रावर बांधले जात आहे त्याचे सर्व सामर्थ्य वापर’ असेही सांगता येते, आणि वेगाच्या लोभाने ही सवलत पुष्कळ जण घेतात. बांधणाऱ्याच्या टेबलावरील यंत्र अर्थातच नवे असते. त्यावर चाचणी होते, ती उत्तीर्णही होते, आणि एक गृहीतक कोणी उच्चारल्यावाचूनच वाटपाच्या फाइलीत जाऊन बसते.

कधी कधी हा निर्णय जाणूनबुजून आणि जाहीरपणेही घेतला जातो. यंत्रशिक्षणाच्या क्षेत्रात प्रसिद्ध असलेल्या टेन्सरफ्लो या लायब्ररीच्या तयार प्रती २०१८ सालच्या १.६ या आवृत्तीपासून एव्हीएक्स वापरू लागल्या, आणि जुन्या प्रोसेसरवर ती लायब्ररी नुसती आणण्याच्या ओळीवरच प्रोग्राम कोसळू लागले. मोंगोडीबी या डेटाबेसच्या २०२१ मधील ५.० आवृत्तीने तीच अट घातली. क्रोम ब्राउझरने २०२१ मध्ये आपल्या ८९ व्या आवृत्तीपासून एसएसई-३ सक्तीचे केले. अशा निर्णयांना मी सरसकट दोष देणार नाही. प्रत्येक जुन्या यंत्रासाठी वेगळी प्रत बांधून ती तपासत बसणे खर्चाचे असते. तक्रार आहे ती निरोप न देता दार लावून घेण्याबद्दल.

येथे ‘जुने’ या शब्दाविषयी एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. यंत्राचे सामर्थ्य त्याच्या पावतीवरील तारखेवरून ठरत नाही. एव्हीएक्स २०११ मध्ये आले हे खरे, परंतु इंटेलने आपल्या स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉन मालिकांतून ते कित्येक वर्षे वगळले होते. घरगुती छोट्या सर्व्हरांत लोकप्रिय असलेला सेलेरॉन जे४१२५ हा २०१९ चा प्रोसेसर. त्यात एव्हीएक्स नाही. म्हणजे २०११ चे महागडे यंत्र जो हुकूम पाळते तो आठ वर्षांनंतरचे स्वस्त यंत्र पाळू शकत नाही. ‘अहो, पण माझं मशीन तर नवंच आहे’ असे सांगणारा ग्राहक खोटे बोलत नसतो. सामर्थ्याची यादी पाहिल्यावाचून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

४. पंचनामा

आता प्रत्यक्ष तपासाकडे वळू. पहिला नियम असा की, चित्रावर क्लिक करून प्रोग्राम उघडू नये. काळ्या पडद्याच्या टर्मिनलमधून त्याचे नाव टंकून उघडावा. चित्रावरून उघडलेला प्रोग्राम मेला तर त्याचे अखेरचे शब्द कोणाच्या कानी पडत नाहीत. टर्मिनलमध्ये ते बहुधा उमटतात.

शब्द उमटले नाहीत तरी एक आकडा हाती लागतो. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्राम संपताना एक निर्गम-अंक मागे ठेवतो. शून्य म्हणजे कुशल. सिस्टीमने बळाने बरखास्त केले असेल तर टर्मिनल त्या कारणाच्या क्रमांकात १२८ मिळवून दाखविते. समजा, अंक १३२ आला. त्यातून १२८ वजा करावे, उरले ४. चौथ्या क्रमांकाचे कारण म्हणजे अवैध हुकूम. तेच १३९ आले तर उरतात ११, म्हणजे प्रोग्रामने परक्याच्या मेमरीत पाऊल टाकले. आणि १३७ आले तर उरतात ९, म्हणजे बाहेरून कोणी त्याला ठार केले, बहुधा मेमरी अपुरी पडल्यामुळे सिस्टीमनेच. एका वजाबाकीने तपासाच्या दिशा वेगळ्या होतात! मोंगोडीबीची नवी आवृत्ती जुन्या यंत्रावर पुनःपुन्हा सुरू होऊन मरते, तेव्हा नोंदीत हाच १३२ आढळतो. विंडोजमध्ये हेच कारण ‘सी०००००१डी’ या खुणेने इव्हेंट व्ह्यूअरच्या दफ्तरात नोंदले जाते.

दुसरी पायरी, घटनास्थळ. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आपल्या रोजनाम्यात ‘इन्व्हॅलिड ऑपकोड’ अशी एक ओळ लिहितो, आणि तीत कोणत्या फाइलीतील कोणत्या पत्त्यावर हुकूम अडला हेही नमूद असते. फाइलीचे नाव काळजीपूर्वक वाचावे. पुष्कळदा अपराधी मूळ प्रोग्राम नसून त्याने सोबत आणलेली एखादी लायब्ररी असते. मग जीडीबी या शोधकाकडून त्या पत्त्यावरचा हुकूम वाचून घ्यावा. त्याच्या नावाच्या आरंभी ‘व्ही’ हे अक्षर असले, तर तो बहुधा एव्हीएक्स घराण्यातला.

तिसरी पायरी, रुजवात. प्रोसेसर आपल्या सामर्थ्याची यादी स्वतःच देतो. लिनक्सवर ती ‘सीपीयूइन्फो’ नावाच्या फाइलीत ‘फ्लॅग्स’ या सदराखाली वाचावयास मिळते आणि विंडोजवर सीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम ती दाखवितो. अडलेल्या हुकमाचे घराणे या यादीत नसेल तर आरोप सिद्ध झाला. असेल, तर मात्र घाई करू नये. एव्हीएक्सचे खाने रुंद असल्यामुळे एक प्रोग्राम बाजूला सारून दुसरा पुढे घेताना त्या खान्यांतील मजकूर जपून ठेवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमला करावे लागते. तिला ते येत नसेल तर प्रोसेसर समर्थ असूनही हुकूम अवैधच ठरतो. विंडोज ७ ला ही विद्या २०११ च्या सर्व्हिस पॅक १ बरोबर मिळाली. तेव्हा सनदेवर प्रोसेसर आणि सिस्टीम या दोघांच्याही सह्या लागतात.

चौथी पायरी, पुरावा उलटून पाहणे. तोच प्रोग्राम खालच्या पिढीची मर्यादा घालून पुन्हा बांधावा. तो जुन्या यंत्रावर उघडला तर संशयास जागा उरत नाही. प्रोग्रामरजवळ जुने यंत्र नसल्यास क्यूएमू नावाच्या प्रोग्रामकडून नव्या यंत्रावरच जुन्या प्रोसेसरचे सोंग आणविता येते. आणि दोष कोणत्या फेरफाराबरोबर शिरला हेच ठाऊक नसेल, तर शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो ती रीत कामी येते. चालणारी आवृत्ती आणि न चालणारी आवृत्ती यांच्यामध्ये ६४ फेरफार झाले असतील तर बरोबर मधला घेऊन पाहावा; तो चालला तर दोष पुढील ३२ मध्ये, न चालला तर मागील ३२ मध्ये. मग १६, ८, ४, २, १. सहा प्रयत्नांत एकच फेरफार हाती उरतो.

५. पहारेकरीच मूर्च्छित

‘मग प्रोग्रामने सुरुवातीलाच यादी तपासून नम्रपणे नकार का देऊ नये?’ असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. अनेक जण तसे करतात. २०२० साली एएमडी, इंटेल, रेड हॅट आणि सुसे यांनी मिळून या वंशवेलीच्या सामर्थ्याच्या पायऱ्या ठरविल्या. रेड हॅटच्या लिनक्सच्या २०२२ मधील नवव्या आवृत्तीने त्यांपैकी दुसरी पायरी किमान म्हणून मानली, आणि तीहून कमी असलेल्या यंत्रावर तिची मूळ लायब्ररी ‘हा सीपीयू अमुक पायरीस पात्र नाही’ अशी स्पष्ट ओळ लिहून थांबते. नकार असावा तर असा.

परंतु ही तपासणी लिहिणे दिसते तितके सोपे नाही, आणि या उद्योगातील सर्वांत करमणूक करणारे अपघात येथेच होतात. तपासणी लिहिली जाते ती ‘मुख्य’ भागाच्या पहिल्या ओळीवर, म्हणजे पडदा उघडल्यावर. आणि सिद्धता तर पडद्याआधीच झालेली असते. त्या सिद्धतेतील एखादे कोष्टक भरताना कंपायलरने एव्हीएक्सचा हुकूम वापरला असेल तर नट रंगपटातच कोसळतो आणि सूत्रधाराची सूचना कोणी ऐकतच नाही. याहून मौजेचा प्रकार म्हणजे तपासणीची फाइलच नव्या बोलीत बांधली जाते. यादी वाचण्यास निघालेला पहारेकरी ती उघडण्यापूर्वीच मूर्च्छित पडतो.

तिसरा प्रकार सूक्ष्म आहे. शहाण्या प्रोग्रामरने दोन फाइली केल्या: एक सर्व यंत्रांसाठी, दुसरी केवळ एव्हीएक्स जाणणाऱ्यांसाठी, यादी पाहून योग्य त्या फाइलीकडे काम सोपवावयाचे. तजवीज उत्तम. पण दोन्ही फाइली एकाच परिपत्रकातील एक छोटे सामायिक सूत्र वापरतात, आणि कंपायलर त्या सूत्राची प्रत्येक फाइलीत एक अशी स्वतंत्र नक्कल करून ठेवतो. शेवटी सर्व फाइली जोडणारा लिंकर येतो, एकाच नावाच्या दोन नकला पाहतो, आणि काटकसरी हेडक्लार्कप्रमाणे एक ठेवून दुसरी रद्दीत टाकतो. ठेवलेली नक्कल एव्हीएक्सच्या फाइलीतली निघाली की सर्व यंत्रांसाठी लिहिलेल्या निरुपद्रवी मार्गावरही तो अगम्य हुकूम येऊन उभा राहतो. प्रत्येक ओळ निर्दोष, तपासणी यथास्थित, आणि जुने यंत्र तरीही कोसळते. अशा दोषावर चार-चार दिवस घालविलेली माणसे मला भेटली आहेत, आणि त्यांच्याविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे.

६. एक शब्द, दोन अर्थ

आतापर्यंतच्या प्रकरणांत यंत्राने प्रामाणिकपणे ‘समजले नाही’ असे सांगितले. ते सांगण्याऐवजी त्याने चुकीचे समजून घेतले तर?

हिंदी प्रदेशातील एखाद्या कचेरीतून ‘या मुलास शिक्षा द्यावी’ असा हुकूम आला आणि तो मराठी मामलेदाराच्या हाती पडला, असे समजा. लिहिणाऱ्याच्या मनात शिक्षण आहे. वाचणारा छडी मागवील. शब्द ओळखीचा असल्यामुळे त्याला शंका येण्याचेही कारण नाही. प्रोसेसरच्या बोलीत असा एक शब्द आहे. ३२ बिटांच्या आकड्यात सर्वांत वरच्या एकच्या आधी किती शून्ये आहेत हे मोजणारा ‘एलझेडसीएनटी’ नावाचा हुकूम इंटेलच्या प्रोसेसरांत २०१३ मध्ये आला. त्याचे सांकेतिक रूप मात्र एका जुन्याच हुकमाला उपसर्ग जोडून बनविले आहे, आणि जुना प्रोसेसर तो उपसर्ग दुर्लक्षून मूळ हुकूम पाळतो. हा मूळ हुकूम वरच्या एकचे स्थान सांगतो. आकडा ८ घ्या, द्विमानात १०००. सर्वांत वरचा एक, शून्यापासून मोजता, तिसऱ्या स्थानी आहे. त्याच्या आधी २८ शून्ये आहेत. नवे यंत्र सांगते २८, जुने यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने सांगते ३. कोणीही थांबत नाही, रोजनाम्यात नोंद होत नाही. तो ३ कोष्टकाची लांबी ठरविण्यास वापरला जातो, कोष्टक तोकडे पडते, आणि कितीतरी हुकमांनंतर भलत्याच ठिकाणी प्रोग्राम १३९ हा अंक ठेवून मरतो. पंचनाम्यात स्थळ एक, गुन्हा दुसरीकडे. असा संशय आल्यास उपाय एकच: तोच हिशेब दोन्ही यंत्रांवर टप्प्याटप्प्याने छापून, आकडे कोठे फुटतात ते पाहावे.

७. ज्यांचा गुन्हा केवळ मंदपणा

काही जुन्या यंत्रांजवळ सर्व हुकूम असतात. नसतो तो वेग. विंडोज आपल्या सेवा-प्रोग्रामांना ‘मी आलो’ असे कळविण्यास साधारणतः ३० सेकंदांची मुदत देते, लिनक्सवरील सिस्टीमडी ९० सेकंदांची. फिरत्या चकतीच्या जुन्या डिस्कवर, सकाळी सर्व प्रोग्राम एकदम उठत असताना, ही मुदत टळू शकते आणि निरोगी प्रोग्राम गैरहजर ठरविला जातो. याची खूण अशी की, तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा सुरू केला की चालतो, कारण त्याची फाइल आता मेमरीत आलेली असते. अवैध हुकमाचा दोष असा कधी लहरीपणाने वागत नाही. तो दर वेळी, त्याच ठिकाणी.

काही दोषांत तर वेगाचाही प्रश्न नसतो. मदरबोर्डावरील तीन व्होल्टांची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असेल तर यंत्राचे घड्याळ प्रत्येक वेळी कित्येक वर्षे मागे जाते, आणि इंटरनेटवरून परवाना तपासणारा प्रोग्राम समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र ‘अद्याप अमलात आलेले नाही’ म्हणून नाकारतो. बॅटरी नाण्याएवढी, आणि तिच्यापायी यंत्र भंगारात! चित्रे रेखणाऱ्या चिपचीही एक वेगळी कथा आहे: ब्लेंडर या चित्रांच्या प्रोग्रामच्या २.८० आवृत्तीने २०१९ मध्ये ओपनजीएल ३.३ ही चित्ररेखनाची बोली मागितली, जी जुन्या चिपांना येत नाही. येथे चित्रांचे काम तात्पुरते मुख्य प्रोसेसरकडून करवून घ्यावे. प्रोग्राम रखडत का होईना उघडला, तर दोष चिपकडे.

वेगाच्या संदर्भात उलटी गोष्टही सांगण्याजोगी आहे. टर्बो पास्कलने बांधलेले कित्येक प्रोग्राम १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या, वेगवान यंत्रांवर ‘रनटाइम एरर २००’ असे लिहून सुरुवातीलाच मरू लागले. त्यांच्या सिद्धतेत घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजून त्या संख्येला ५५ ने भागले जाई, आणि भागाकार १६ बिटांच्या खान्यात ठेवला जाई. त्या खान्यात ६५,५३५ पर्यंतच आकडा मावतो. म्हणजे फेऱ्या ३६,०४,४८० झाल्या की भागाकार ओसंडला. यंत्र इतके चपळ होईल, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हते. गृहीतक दोन्ही दिशांनी मोडू शकते.

८. सनद आणि सामर्थ्य

सामर्थ्याच्या यादीवर आपण आतापर्यंत डोळे मिटून विश्वास ठेवला. शेवटी त्या यादीचीही थोडी झडती घेतली पाहिजे.

काही प्रोसेसर यादीत नव्हे, तर स्वतःच्या ओळखीत अधिक सांगतात. व्हीआयए कंपनीचे सुरुवातीचे सी३ प्रोसेसर स्वतःची ओळख ‘सहाव्या कुळातील’ अशी देत. त्या कुळाचा मूळ पुरुष, १९९५ चा पेंटियम प्रो, सशर्त स्थलांतराचा एक हुकूम जाणत असे आणि कंपायलरही तो कुळाचा वारसा समजून वापरीत. सी३ ला तो येत नव्हता. यादी नीट वाचली असती तर तो हुकूम तीत नाही हे दिसले असते. पण आडनाव पाहूनच नेमणूक झाली होती.

आणि काही प्रोसेसर यादीतच कमी सांगतात. २००३ पासून लॅपटॉपांत आलेल्या पेंटियम एम प्रोसेसरांपैकी अनेकांना पीएई, म्हणजे चार गिगाबाइटांपलीकडील मेमरीला पत्ता देण्याची पद्धत, अंगभूत अवगत होती. पण त्यांच्या यादीत तिचा उल्लेख नव्हता. २०१२ च्या सुमारास उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराने पीएईवाचूनचा कर्नल देणे थांबविले, आणि हे लॅपटॉप नवी आवृत्ती चढविताना एका ओळीवर अडू लागले: ‘या कर्नलला लागणारी पुढील सामर्थ्ये या सीपीयूमध्ये नाहीत: पीएई’. त्यांतील कित्येकांत मेमरी होती जेमतेम अर्धा गिगाबाइट. चार गिगाबाइटांपलीकडे जाण्याचा प्रश्न त्यांना आयुष्यात कधी पडणार नव्हता. दोन वर्षे त्यांच्या मालकांनी यंत्र जुने झाले असे मानून घेतले. २०१४ मध्ये लिनक्सच्या कर्नलात ‘फोर्सपीएई’ असा एक शब्द दाखल झाला. सुरू होतानाच्या ओळीत तो टंकला की कर्नल यादी बाजूस ठेवतो आणि लॅपटॉप निमूटपणे उघडतो. फक्त आपल्या दफ्तरात कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’, म्हणजे बाटलेला, असा शेरा मारून ठेवतो, आणि तो शेरा यंत्र बंद होईपर्यंत पुसला जात नाही.